ओवीची सीट, सतरा डी

२४ एप्रिल, गुरुवार. धुळे

नळ ६.१० ला आला, ६.५० ला गेला. ऊन ४३. दुपारी बाहेर पडलो नाही. संध्याकाळी चपलेचा अंगठा शिवून आणला.

उद्या हैदराबाद. पहाटेच्या एस.टी.ने जळगाव, तिथून विमान. रविवारी नात ओवीला घेऊन त्याच विमानाने परत. बुधवारी अक्षय्य तृतीया, आमची आखाजी.

मंजूला जाऊन सात महिने झाले. लग्नानंतर दर आखाजीला यायची, एकदाही चुकली नाही. तिची आई, कमल, महिनाभर एकच वाक्य म्हणते आहे, "लेक नही ते लेकनी लेक तरी बसो झोकावर." म्हणून मी विनयला फोन केला. जावयाला असं काही मागायची माझी पहिलीच वेळ.

विनय म्हणाला, "पाठवतो, नाना. पण आईचं मन नाही. ओवी अजून कुणाशी नीट बोलत नाही, रात्री उठते. या खेपेला बघू. तिला त्रास झाला नाही तर पुढच्या सुट्ट्यांचं ठरवू."

बरोबर आहे त्याचं. त्याच्या जागी मी असतो तर मीही

कमलने माझ्या सदऱ्याच्या खिशात आधार कार्डाच्या झेरॉक्स घातल्या. चार प्रती. ओवीच्या जन्मदाखल्याच्याही चार.

२५ एप्रिल, शुक्रवार. हैदराबाद

विमान ५५ मिनिटं उशिरा. दोन्ही बाजूंना पंखे असलेलं छोटं विमान. कारण कुणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

ओवी दारात उभी होती. "नाना आले," एवढंच आत सांगितलं. मग मला चपला कुठे ठेवायच्या ते बोटाने दाखवलं. वर्षभरात उंच झाली. सहा पूर्ण.

विहीणबाईंनी जेवायला वाढलं. नीट वागल्या. मंजूचा फोटो हॉलमध्ये आहे, हार ताजा होता.

रात्री ओवी उठली, १.४०. विनयने थोपटलं. मी जागाच होतो, उठलो नाही. आपलं घर नव्हे.

२६ एप्रिल, शनिवार. हैदराबाद

विनय मोबाइलवर उद्याच्या तिकिटाचं काम करत होता. शेजारी-शेजारी सीट हव्या असतील तर वेगळे पैसे भरा असं त्यात येतं. तो भरायला निघाला, मी नको म्हटलं. सहा वर्षांची मुलगी, एकाच तिकिटावर आजोबा बरोबर. तिला वेगळं कोण बसवील? एस.टी.त कंडक्टर नुसता म्हणतो, "ओ दादा, जरा मागे व्हा, लेकरू आहे," की माणूस उठतो. इथे तर सगळी शिकलेली माणसं.

विनय म्हणाला, "नाना, तिथं तसं नसतं."

"होतं रे सगळं," मी म्हटलं.

विहीणबाईंनी प्रवासाला गुळाच्या दशम्या केल्या. डबा, ओवीची पाण्याची बाटली, चार फ्रॉक, रंगपेटी, सगळं एका निळ्या बॅगेत. मला दोनदा बजावलं, "तिला भूक लागली तरी सांगत नाही हो. तुम्हीच बघा."

२७ एप्रिल, रविवार

विजेच्या सबस्टेशनला ३४ वर्षं दर तासाला रीडिंग लिहिलं. आज तसंच लिहितो. बसमध्ये कागदावर टिपलं होतं, ते उतरवून काढतो.

१०.०५ विमानतळ. काउंटरवर निळी बॅगही मागितली. "विमान छोटं आहे, हातातली पण द्या." दिली. डबा त्यात आहे हे पट्टा पुढे सरकल्यावर लक्षात आलं. परत मागितला. "अब गया, सर."
१०.१५ सीट बघितल्या. माझी ४ ए, ओवीची १७ डी. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, लहान मुलगी आहे. म्हणाली, आत गेल्यावर विमानातले लोक करून देतील.
११.४० सुटायची वेळ. सुटलं नाही.
१२.०० पाटीवर १३.१०.
१३.१५ पाटीवर १४.३०. विचारायला गेलो. "ऑपरेशनल." म्हणजे काय ते त्यालाही माहीत नव्हतं.
१३.४० बिस्किटांचे पुडे वाटले. आमच्यापर्यंत येईतो संपले. मी सामोसा आणला, ओवीने तिखट म्हणून ठेवून दिला. भूक लागली म्हणाली नाही. केळं आणलं. खाल्लं.
१४.३० पाटी कोरी.
१६.१० ओवीने विचारलं, "नाना, आपण परत घरी जायचं का?" एवढंच. मी म्हटलं, नाही, आजी वाट बघते.
१६.५० आत सोडलं.

विमानातल्या मुलीला सीटचं सांगितलं. ती म्हणाली, काउंटरवर बोलायचं होतं. माझ्या शेजारच्या माणसाला विनंती केली. त्याने कानातलं काढलं, ऐकून घेतलं, म्हणाला, "मैंने आगे वाली सीट के पैसे दिए हैं," आणि कानातलं परत घातलं. रागाने नाही. साधंच.

ओवीला मागे नेऊन बसवलं. तिच्या शेजारी सत्तरीच्या एक बाई होत्या, जळगावकडच्या सावद्याच्या. मुलाकडून परत चाललेल्या. मी काही म्हणायच्या आत त्या उठायला लागल्या. "तुम्ही बसा इथं, भाऊ, मी जाते पुढे." तेवढ्यात ती मुलगी आली. दार लागलंय, आता कुणी जागा बदलायची नाही, छोट्या विमानात वजनाचा हिशोब असतो. मी म्हटलं, दोन मिनिटं. ती म्हणाली, "सर, आप बैठिए, नहीं तो उतारना पड़ेगा."

मी जाऊन बसलो.

निघताना बाई ओवीला जवळ घेऊन म्हणाल्या, "पोरगी माह्याजोय हाये, भाऊ. जा तुम्ही."

१७.०५ सुटलं. वर गेल्यावर पट्ट्याचा दिवा विझला की मागे जायचं ठरवलं होतं. दिवा विझला नाही. उन्हाची हवा, सारखे धक्के. सव्वा तास मी तो दिवा बघत बसलो. आयुष्यभर पॅनेलवरचे लाल दिवे बघितले, पण त्यातल्या प्रत्येकाचं कारण मला कळत होतं.

मंजूच्या वेळीही असाच खुर्चीवर बसलो होतो. आय.सी.यू.च्या बाहेर. कुणीतरी सांगितलं, आजोबा बसा. मी बसलो. आत जाऊ द्या म्हटलं असतं तर कदाचित दोन मिनिटं

१८.२५ जळगाव. ओवी बाईंचा हात धरून उतरली. रडलेली नव्हती. बाईंचं नाव इंदूबाई.
१८.५० बॅग आली नाही. आमची आणि अजून पाच जणांची. उन्हामुळे वजन कमी करावं लागलं म्हणे, म्हणून तिकडेच ठेवल्या. उद्या येईल, फोन करू.

मी म्हटलं, "लिहून द्या."
"सर, सिस्टिममध्ये आहे."
"मला कागदावर लिहून द्या. किती वाजता उतरलो, बॅग मिळाली नाही, केव्हा मिळेल. सही आणि वेळ."
"सर, तसा फॉर्म नसतो."
"कोरा कागद चालेल."

मग मी नुसता उभा राहिलो. सबस्टेशनला चार्ज घेताना मागच्या पाळीवाल्याची सही झाल्याशिवाय मी त्याला कधी जाऊ दिलं नाही, साहेब असला तरी. बाकीचे पाच जण निघून गेले. काउंटरवरचा दोनदा आत जाऊन आला. इंदूबाई ओवीला घेऊन बाकावर बसल्या होत्या. त्यांचा जावई गाडी घेऊन बाहेर उभा, दोनदा आत डोकावून गेला. त्या त्याला म्हणाल्या, "थांब ना रे, घरी काय गाय व्यायली का?"

१९.३५ कागद मिळाला. सही आहे, वेळ आहे.

इंदूबाईंनी आम्हाला बसस्टँडवर सोडलं.

२८ एप्रिल, सोमवार. धुळे

ओवी रात्री दोनदा उठली. कमल तिच्याजवळ होती.

कपडे नाहीत. शेजारच्या पाटलीणबाईंनी नातीचे दोन फ्रॉक दिले, समोरच्यांनी एक परकर-पोलकं, गुरवांकडून चड्ड्या. पाटलीणबाई दारातून म्हणाल्या, "बठ्ठी गल्लीना कपडा घाली फिरी राहिनी पोर." ओवी हसली. कमलने माझ्याकडे बघितलं. मी पेपर वाचत होतो. म्हणजे धरला होता.

कमल स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "विनयरावले काही सांगू नका. पोर सुखरूप उनी ना? बस झालं." सीटचं कळलं तर विहीणबाई पोरीला पुन्हा पाठवणार नाहीत. खरं आहे. आणि चूक माझीच. तो पैसे भरत होता.

दुपारी मोबाइलवर विमानवाल्यांचा मेसेज. तुमचा प्रवास कसा झाला, पाचपैकी किती तारे? मी चष्मा शोधायला उठलो. परत आलो तर ओवीने तारे दाबलेले. एकेक दाबला की पिवळा होतो, म्हणून पाचही पिवळे केले. खाली आलं, धन्यवाद, तुमच्या आनंदात आमचा आनंद.

"चुकलं का, नाना?"

"नाही. छान दिसतात."

संध्याकाळी ७.०० विनयला फोन केला. कमल समोर उभी राहून मान हलवत होती. मी बसमध्ये टिपलेला कागद हातात घेतला आणि वेळेप्रमाणे सगळं वाचून दाखवलं. डबा गेला ते, बिस्किटं मिळाली नाहीत ते, सतरा डी, मी जाऊन बसलो ते. काही गाळलं नाही. उद्या ओवीने सांगितलं असतं आणि मी सांगितलं नसतं तर त्याने पुढे माझं काहीच खरं मानलं नसतं.

तो म्हणाला, "मी म्हटलं होतं, नाना."

"हो. तू म्हटलं होतंस."

"बोलू नंतर." फोन ठेवला.

कमल जेवली नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

विनयचा फोन नाही. मी केला नाही.

विमान कंपनीला फोन. मराठीसाठी अमुक दाबा, मग बाई हिंदीत. २२ मिनिटं गाणं. बॅग हैदराबादलाच आहे, पुढच्या विमानाने येईल. तक्रार सांगू लागलो तर बाई म्हणाली, "सर, आपने तो फाइव स्टार दिया है."

मी सांगितलं, ते नातीने दिले.

"नातिन खुश थी, सर?"

मी फोन ठेवला. तिचीही काही चूक नाही. ती कुठल्यातरी गावात कानाला यंत्र लावून बसलेली मुलगी.

ओवी रात्री एकदाच उठली, ३.१०. पाणी प्यायली, झोपली.

दुपारी कमल कणीक भिजवत होती, ओवी शेजारी बसून आपणहून बोलायला लागली. विमानातल्या आजींकडे केळीचं शेत आहे. केळीच्या झाडाला एकदाच घड येतो. मग ते झाड कापून टाकतात. त्याच्या पायाशी छोटं झाड असतं, त्याला पील म्हणतात, ते मोठं होतं. "मी विचारलं, मोठं झाड कापल्यावर छोट्याला कळतं का?"

कमलचे हात थांबले. "मग काय म्हणाल्या आजी?"

"त्या म्हणाल्या, आम्हाला नाही माहीत, आम्ही नुसतं पाणी देतो."

मग ओवीने विचारलं कणकेचा पक्षी कसा करतात. कमलने करून दाखवला.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

गल्लीच्या टोकाला कडुनिंबाला झोका बांधला. मुली सकाळपासून तिथेच. सासरहून आलेल्या पाच-सहा जणी, एकीच्या कडेवर तान्हं. गाणी चालली होती. मंजूच्या बरोबरीची सुनीता आलेली आहे, तिने ओवीला मांडीवर घेऊन झोका घेतला. कमल ओट्यावरून बघत होती. रडली, पण जेवली. दोन पुरणाचे मांडे खाल्ले. कितीतरी दिवसांनी.

मी खुर्ची टाकून झोक्याची दोरी बघत होतो. गाठ मीच बांधली आहे, सरकणार नाही.

११.२० विनयचा फोन, चित्रवाला. माझ्याशी बोलला नाही, ओवीला द्या म्हणाला. मी फोन धरून उभा राहिलो, ती झोक्यावर.

"पप्पा, मी विमानात एकटी बसले होते."
"माहितीये. नानांनी सांगितलं. घाबरलीस?"
"हो."
"खूप?"
"आधी. मग आजींनी हात धरला. त्यांचा हात खरखरीत आहे. मग त्या म्हणाल्या, नानांचं टक्कल बघत बस, ते दिसतंय तोवर काही होत नाही. मी मोजलं, तेरा खुर्च्यांपुढे होतं."

सुनीता तोंडावर पदर धरून हसली. विनयही हसला असावा, चित्र हललं. मग म्हणाला, "फोन नानांना दे."

"नाना, शनिवारी मी स्वतः येतो न्यायला. तिला परत तुमच्याबरोबर विमानात नको."

"बरं."

एवढंच. तो येतो आहे हे चांगलं. का येतो आहे ते चांगलं नाही. दोन्ही खरं.

१ मे, गुरुवार

बॅग आली. माणूस दारात टाकून सही घेऊन गेला. चेन तुटलेली. दशम्यांना बुरशी आली होती. कमलने डबा तीनदा घासला. ओवीने रंगपेटी मोजली, सगळे रंग आहेत. आता स्वतःचे फ्रॉक मिळाले तरी ती पाटलीणबाईंच्या नातीचाच घालून हिंडते.

विमान कंपनीला पत्र लिहिलं, दीड पान. शिव्या नाहीत, फक्त वेळा. शेवटी एकच विनंती केली. सहा वर्षांच्या मुलाला बरोबरच्या माणसाशेजारी बसवण्यासाठी कुणाला विनवावं लागू नये. रजिस्टर पोस्टाने पाठवलं, पोचपावतीसह. पोस्टातले म्हणाले, काका, हल्ली हे सगळं मोबाइलवर करतात. मी म्हटलं, मोबाइलवर आम्ही पाच तारे दिलेत.

रात्री उठली नाही.

३ मे, शनिवार

विनय सकाळी खासगी बसने आला. दशक्रियेनंतर पहिल्यांदाच या घरात. कमलने पाणी दिलं, त्याने ग्लास हातात धरून ठेवला, प्यायला विसरला. ओवी त्याला हात धरून गल्ली दाखवायला घेऊन गेली. कुणी कुठला कपडा दिला ते घर-घर दाखवत.

दुपारी ओट्यावर आम्ही दोघंच. मी म्हटलं, "मला उठायला हवं होतं, विनय. विमानातली मुलगी बसा म्हणाली आणि मी बसलो."

तो खाली बघत होता. म्हणाला, "त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मीही बसूनच होतो, नाना. तुमच्या शेजारच्या खुर्चीवर."

सात महिन्यांत हे आमच्यात कधी बोललं गेलं नव्हतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, ते मला जमत नाही. पंखा त्याच्याकडे फिरवला.

नंतर त्यानेच सांगितलं. विहीणबाईंना राग आहे. त्या म्हणतात, मोठी होईपर्यंत पाठवायचं नाही, आम्हीच हैदराबादला येऊन भेटावं.

"आणि तुला काय वाटतं?"

"मला कळत नाही अजून. आईही चुकीची नाही. बहुतेक रात्री तीच उठते ओवीपाशी." थोड्या वेळाने, "इथं खरंच झोपते का?"

मी डायरी आणून शेवटचं पान दाखवलं, तिथे रात्रींची नोंद एकत्र ठेवली आहे. दोनदा, एकदा, आणि मग बुधवार, गुरुवार, शुक्रवार शून्य. त्याने तीनदा वाचलं. मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला. कशाला ते विचारलं नाही.

४ मे, रविवार

जळगावपर्यंत सोडायला गेलो. विनयने सीटचे पैसे भरले होते, ११ ए आणि ११ बी. बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. ओवी काचेतून हात करत होती, मग तिला आत काहीतरी दिसलं आणि वळली. ते बरं झालं.

निघताना कमलने तिला विचारलं होतं, परत येशील ना? ओवी म्हणाली, "पप्पांना विचारा." शहाणी आहे.

विमान ४० मिनिटं उशिरा सुटलं. कुंपणाबाहेर उभं राहून बघितलं.

९ मे, शुक्रवार

पोस्टाची पोचपावती परत आली. कुणाची तरी सही, वाचता येत नाही. पत्राला उत्तर नाही. पंधरा दिवस वाट बघेन, मग दुसरं लिहीन.

सकाळी विनयचा फोन. ओवी घरी गेल्यापासून एकदाच उठली. त्याने आईला डायरीच्या पानाचा फोटो दाखवला. त्यांनी तो आपल्या मोबाइलवर पाठवून घेतला. दिवाळीचं अजून ठरत नाही. "आई हो म्हणाली नाही, नाना. नाहीही म्हणाली नाही. मी पुन्हा बोलतो."

मी म्हटलं, विमान नको असेल तर मी रेल्वेने येईन. एक रात्र जास्त लागेल, पण तिकडे टी.सी. असतो, त्याच्याशी बोलता येतं.

"या वेळी बोलाल?" त्याने विचारलं. थट्टा होती. मंजू असताना करायचा तशी.

"बोलेन."

कमल पाटलीणबाईंबरोबर हळदीला गेली आहे. घरात मी एकटा. बाजारातून आणलेलं डांगर, म्हणजे खरबूज, कापलं. बऱ्यापैकी गोड निघालं. अर्धं तिच्यासाठी झाकून ठेवलं. बिया चाळणीत धुतल्या, कालच्या पेपरवर पसरल्या, आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून पेपरच्या चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या.